अब्रू आधी की प्राण आधी?
अमली पदार्थांची अतिमात्रा आणि आपली जबाबदारी

हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग अबू दाऊद या हदीससंग्रहात आला आहे. काही सहाबी प्रवासात असताना त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल अनिवार्य झाले, तेव्हा अशा अवस्थेत तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळली तेव्हा त्यांनी तीव्र शब्दांत नापसंती व्यक्त केली. या मृत्यूची जबाबदारी त्यांनी त्या सोबत्यांवरच टाकली आणि शिकविले की ठाऊक नसेल तर विचारावे. अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे.

ते सोबती त्या जखमीचे वैरी नव्हते. त्यांच्या मनात धर्माचीच काळजी होती. परंतु ज्ञानाविना केलेल्या हितचिंतनाने एक जीव गेला. आज आपल्या घरांत आणि मोहल्ल्यांत याच प्रकारे जीव जात आहेत. गर्द, नशेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन यांच्या अतिमात्रेने, म्हणजे ज्याला सर्वजण ओव्हरडोस म्हणतात त्याने, एखादा तरुण बेशुद्ध पडतो. घरचे त्याच्या अंगावर थंड पाणी ओततात, लिंबूपाणी पाजतात, दार लावून घेतात आणि ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणतात. सकाळी तो उठत नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच, काय करावे हे ठाऊक नसल्यामुळे आणि कोणाला विचारण्याची लाज वाटल्यामुळे, त्याला गमावलेले असते.

हराम आहे, एवढे सांगून कर्तव्य संपते काय?

नशा आणणारी प्रत्येक वस्तू निषिद्ध आहे, याविषयी मुस्लिम समाजात मतभेद नाही. सूरह अल-माइदाच्या ९० व्या व ९१ व्या आयतींत मद्य हे सैतानी कृत्य ठरविले आहे आणि ते माणसामाणसांत वैर पेरते व अल्लाहच्या स्मरणापासून रोखते, हे कारणही सांगितले आहे. हा निषेध आपण मुलांना शिकवितो आणि शिकवीत राहिलेच पाहिजे. मात्र त्याच सूरहच्या ३२ व्या आयतीचा आशय असा आहे की ज्याने एका माणसाचा जीव वाचविला त्याने जणू साऱ्या मानवजातीला वाचविले. या आयतीत वाचविला जाणारा माणूस सदाचारी असावा, अशी अट नाही.

पापी माणसाशी कसे वागावे, हेही प्रेषितांनी (स.) शिकविले आहे. बुखारीतील एका हदीसनुसार अब्दुल्लाह नावाच्या एका इसमाला मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झाली होती. एकदा उपस्थितांपैकी कोणीतरी त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्या माणसाला तत्काळ रोखले आणि अब्दुल्लाहला अल्लाह व त्याच्या प्रेषिताविषयी प्रेम आहे, अशी साक्ष दिली. शिक्षा झाली; पण तिरस्कार झाला नाही आणि समाजाशी असलेले त्याचे नाते तुटले नाही. ज्याला आपण ‘चरसी’, ‘गर्दुल्ला’ म्हणून हिणवतो, तोही कोणाचा तरी लेक आहे आणि त्याच्यासाठी तौबाचे दार उघडे आहे. मात्र तौबा करण्यासाठी तो आधी जिवंत राहिला पाहिजे.

अतिमात्रेत शरीरात काय घडते?

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अफू, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या हे सर्व अफूवर्गातील पदार्थ होत. मेंदूतील जे केंद्र आपल्या नकळत श्वास चालू ठेवते, त्यालाच हे पदार्थ मंद करतात. मात्रा वाढली की श्वास हळूहळू विरळ होत थांबतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. या पदार्थांसोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर धोका अनेक पटींनी वाढतो. बोलीत ज्यांना ‘कुत्ता गोळी’ म्हणतात त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या याच प्रकारच्या. एकेकट्याने सहन झालेली मात्रा अशा मिश्रणात प्राणघातक ठरते.

एमडी, म्हणजेच मेफेड्रोन, याचा परिणाम निराळा आहे. ते उत्तेजक आहे. त्याच्या अतिमात्रेत अंग तापते, छातीत धडधड व वेदना होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि फिटही येऊ शकते. २०१५ साली केंद्र सरकारने मेफेड्रोनचा समावेश एनडीपीएस कायद्यात केला. तरीही २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथे पोलिसांनी त्याचा प्रचंड साठा पकडला. हे विष आपल्या दारापासून दूर नाही, हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

सर्वाधिक धोका कधी?

नशा सोडलेल्या माणसाला सर्वाधिक धोका ती सोडल्यानंतरच्या दिवसांत असतो, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. रोजच्या सेवनाने शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. काही दिवस किंवा आठवडे खंड पडला की ती सवय ओसरते. मनात मात्र जुनीच मात्रा राहते. अशा वेळी तोल गेला आणि पूर्वीइतकेच सेवन झाले, तर तेच शरीर ते पेलू शकत नाही. म्हणूनच तुरुंगातून सुटल्यानंतरचे, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतल्यानंतरचे आणि दीर्घ आजारातून उठल्यानंतरचे पहिले काही आठवडे अत्यंत जोखमीचे असतात.

आपल्यासाठी यात रमजानचाही विचार येतो. अनेक तरुण या महिन्यात मनापासून नशा सोडतात. रोजे ठेवतात, तरावीहला उभे राहतात, घरात आनंद पसरतो. परंतु ईदच्या रात्री जुने सोबती भेटतात. महिनाभर कोरड्या राहिलेल्या शरीरात जुनी मात्रा गेली तर ती ईद त्या घराची शेवटची ईद ठरू शकते. म्हणून रमजानात सोडलेल्या मुलाला शव्वालमध्ये एकटे सोडू नका. ईदपूर्वीच त्याला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. ‘सुटली एकदाची’ म्हणून निर्धास्त होऊ नका आणि पुन्हा घसरला तर ‘तुझी तौबा खोटी होती’ असे म्हणू नका. त्या एका वाक्याने तो पुढच्या वेळी तुमच्यापासून लपून, बंद दाराआड सेवन करील. आणि बंद दाराआड पडलेल्याला वाचविणारे कोणी नसते.

परदापोशीचा खरा अर्थ

घरचे मदत का मागत नाहीत? बहुधा अब्रूपायी. बहिणीचे लग्न ठरायचे असते, अब्बांना मस्जिदीत मान असतो, शेजारी काय म्हणतील याची भीती असते. काही जण यासाठी धर्माचाही आधार घेतात. जो आपल्या मुस्लिम बांधवाचे दोष झाकतो त्याचे दोष अल्लाह झाकतो, या आशयाची हदीस मुस्लिम या संग्रहात आहेच. परंतु दोष झाकणे म्हणजे त्याची बदनामी न करणे, चारचौघांत त्याचे पाप न उगाळणे. डॉक्टरपासून रोग लपविणे ही परदापोशी नव्हे.

फिकहच्या ग्रंथांत एक मसला सर्वपरिचित आहे. कोणी नमाज पढत असेल आणि जवळच एखादा माणूस बुडत असेल किंवा आगीत सापडला असेल, तर वाचविण्याची क्षमता असलेल्याने नमाज मोडून त्याला वाचविले पाहिजे. नमाज हा धर्माचा स्तंभ आहे. तीही एका जिवासाठी मोडावी लागते. मग ज्या घराला मुलाच्या प्राणापेक्षा अब्रू मोडण्याची भीती अधिक वाटते, त्याने स्वतःला विचारावे : आपली प्रतिष्ठा नमाजपेक्षाही मोठी आहे काय?

पोलिसांची भीतीही अनेकांना रोखते. रुग्णालय अशा प्रकरणाची नोंद पोलिसांकडे देऊ शकते, हे खरे. परंतु उपचार त्यासाठी थांबत नाहीत. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले की, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी प्राण वाचविण्याचे उपचार केले पाहिजेत. कायदेशीर सोपस्कार नंतर. रुग्णाला रुग्णालयात आणणे हा गुन्हा नाही. शिवाय जो व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतो, त्याला सेवनाच्या व अल्प मात्रेच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे.

प्रसंग ओढवल्यास काय करावे?

प्रथम ओळख. हाका मारून, खांदे हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोराने घासूनही तो जागा होत नाही. श्वास अगदी संथ आहे किंवा थांबला आहे. घशातून घोरल्यासारखा, घरघर असा आवाज येतो. ओठ व नखे निळसर किंवा राखी पडली आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. ही अफूवर्गीय अतिमात्रेची लक्षणे होत. घरघर ऐकून तो गाढ झोपला आहे, असा समज करून घेऊ नका.

१. तत्काळ १०८ किंवा ११२ क्रमांकावर फोन करा. ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही’ हे आधी सांगा, मग पत्ता सांगा. एकाला गल्लीच्या तोंडाशी उभे करा.

२. त्याला पाठीवर निजवा. तोंडात काही अडकले असल्यास काढा. कपाळ मागे व हनुवटी वर करा, म्हणजे श्वासमार्ग मोकळा होतो.

३. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून, दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास द्या. प्रत्येक वेळी छाती वर येते का ते पाहा. नाडी लागत नसेल किंवा शरीर निश्चल असेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने व जलद दाब देत राहा. फोनवरील कर्मचारी सांगतील त्याप्रमाणे करा.

४. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल, तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत जाणार नाही.

५. त्याने काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. रिकामे पाकीट, बाटली सोबत न्या.

एमडीसारख्या उत्तेजक पदार्थाचा प्रसंग असेल तर त्याला मोकळ्या, थंड जागेत न्या, कपडे सैल करा, कपाळ व मान ओल्या फडक्याने पुसा, शांत स्वरात बोला आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. फिट आल्यास हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. डोक्याखाली मऊ कापड ठेवा.

हे मात्र टाळा : अंगावर थंड पाणी ओतणे, थोबाडीत मारणे, दूध, लिंबू वा मिठाचे पाणी पाजणे, उलटी करविणे, आणि त्याला एकटे सोडून जाणे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात गेलेला घोट फुप्फुसात उतरतो.

नॅलोक्सोन नावाचे औषध अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम काही मिनिटांत उलटवून श्वास परत आणते. त्याने नशा चढत नाही. लोकांच्या हाती ते असावे आणि त्यांना प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली. आपल्याकडे ते इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. घरात अशी जोखीम असल्यास डॉक्टरांना त्याविषयी विचारा. मात्र त्याचा प्रभाव साधारणतः अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि विष पुन्हा जोर धरू शकते. म्हणून रुग्ण उठून बसला तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे. झोपेच्या गोळ्यांवर किंवा एमडीवर ते चालत नाही.

मस्जिद आणि मोहल्ला

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली गर्दच्या साथीच्या काळात उभे राहिले. उपचारांनी माणसे परत येतात, हे अशा संस्थांनी दाखवून दिले आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे क्रमांक निःशुल्क आहेत. ते मस्जिदीच्या फलकावर लिहिता येतील. जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा, विशेषतः रमजानच्या शेवटच्या जुम्याला, या विषयावर बोलता येईल. मोहल्ल्यातील डॉक्टरांना बोलावून तरुणांना व भगिनींना श्वास देण्याचे व छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण देता येईल. घरी प्रसंग ओढवतो तेव्हा बहुधा अम्मी किंवा आपाच जवळ असते. आणि इमामसाहेबांचे दार असे असावे की आपल्या मुलाविषयी बोलायला आलेल्या बापाला मान खाली घालावी लागू नये.

त्या जखमी सहाबीने प्रश्न विचारला होता. उत्तर देणाऱ्यांकडे ज्ञान नव्हते. आज आपल्या एखाद्या मुलाला तर प्रश्न विचारण्याइतकीही शुद्ध नसेल. म्हणून त्याच्या वतीने आपणच विचारायचे आहे, आणि प्रसंग येण्याआधी विचारायचे आहे.

अल्लाह आमच्या तरुणांचे या विषापासून रक्षण करो, जे घसरले त्यांना परतण्याचे बळ व अवधी देवो आणि आम्हाला त्यांच्यासाठी दार उघडे ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.