आफ्रिकेला जावं कधी?

जूनअखेर बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. फंडाचे पैसे हातात आल्यावर आईने घराच्या उरलेल्या हप्त्यांचा विषय काढला आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं. "एकदा आफ्रिकेतलं जंगल बघायचंय." हप्ते फेडून जे उरलं त्यात तिघांची एकच ट्रिप बसत होती, दुसरी कधी होणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. महिना ठरवायचं काम माझ्याकडे आलं. "तू इंजिनिअर ना? मग सांग."

मी लगेच सांगून टाकलं, मे! परीक्षा संपलेली, सुट्टी लागलेली, शिवाय तिकडची हॉटेलं त्या महिन्यात स्वस्त. बाबांनी एवढंच विचारलं, "अरे, स्वस्त का, ते पाहिलंस का?" पाहिलं नव्हतं. मग महिनाभर हॉस्टेलवर जर्नल बाजूला ठेवून जो अभ्यास केला, तो इथे मांडतोय.

पहिली गोष्ट म्हणजे 'आफ्रिकेचा बेस्ट सीझन' असं काही नसतंच. विषुववृत्त या खंडाच्या मधून जातं. दक्षिणेकडे, म्हणजे क्रूगर, इटोशा वगैरे भागात, साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि मे ते ऑक्टोबर कोरडं. केनिया-टांझानिया विषुववृत्ताला लागून असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा त्यांच्या डोक्यावरून जातो, त्याच्या मागोमाग पावसाचा पट्टा सरकतो आणि पाऊसही दोनदा येतो. मार्च ते मे मोठा पाऊस, त्याला स्वाहिलीत 'मासिका' म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरात छोटा, तो 'वुली'. (बोट्स्वानातलं ओकावांगो तर आणखी मजेदार. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात आणि उतार इतका कमी की पाणी त्रिभुज प्रदेशात पसरायला काही महिने लागतात. पूर येतो तो ऐन कोरड्या दिवसांत! हायड्रोग्राफ काढताना झोपणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

म्हणजे ज्यांना मे महिनाच मोकळा आहे त्यांनी मेअखेरीस दक्षिणेला जावं. गवत वाळायला लागलेलं असतं, पुढे पुढे जनावरं पाणवठ्यावर गोळा होतात, दिसतातही लांबून. पण बाबांना हवे होते ते टीव्हीवर पाहिलेले विल्डबीस्टचे लाखोंचे कळप. ते सेरेंगेटी आणि मसाई मारातच.

तिथे मे महिन्यात काय होतं, हे सिव्हिलवाल्यांना एका शब्दात सांगता येईल. ब्लॅक कॉटन! आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखी काळी, फुगणारी माती त्या भागातही बरीच आहे आणि तिकडचे ड्रायव्हरही तिला याच नावाने ओळखतात. सॉइल मेकॅनिक्सच्या ओरलला माँटमोरिलोनाइटचं स्पेलिंग चुकलं तरी चालतं, पण अशा रस्त्यावर चाक रुतलं की दिवस गेला. तो दिवस आपल्या एकुलत्या एका आठवड्यातला असतो.

आता हे कळप फिरतात का? याचं उत्तर मला वाटत होतं त्यापेक्षा सोपं निघालं. सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्गोरोंगोरोचे ज्वालामुखी डोंगर आहेत. त्यांची राख वाऱ्याने मैदानांवर पसरली. त्या मातीतल्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, दूध पाजणाऱ्या माद्यांना लागतं ते नेमकं हेच. पण हाच भाग डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतो. आपल्याकडे महाबळेश्वर आणि माण तालुका यांत जो फरक, तसाच. पाऊस थांबला की पाणी आटतं, उरलेलं खारट होतं. मग कळप उत्तरेकडे निघतात, जिथे पाऊस जास्त आणि बारमाही वाहणारी मारा नदी. नोव्हेंबरात छोटा पाऊस पडला की परत दक्षिणेला. कळप पावसामागे चालतात. पाऊस पंधरा दिवस हलला की तेही हलतात, त्यामुळे कोणी तारखेची खात्री देत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नये.

शेवटी दोन पर्याय उरले. जुलै ते ऑक्टोबर मारा नदीकाठी, किंवा फेब्रुवारीत दक्षिणेला न्दुतूच्या मैदानावर.

नदी ओलांडणं, मगरी, ते सगळं जुलैनंतरचं. पण त्यासाठी काठावर गाडीत बसून राहावं लागतं. कळप येतो, पाण्याशी थांबतो, तासन्‌तास उभा राहतो आणि कधी कधी सरळ मागे फिरतो. आजूबाजूला गाड्यांची ही गर्दी. शिवाय मसाई मारात परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क 2024 पासून जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झालं. तीन माणसं, तीन दिवस, गुणाकार तुम्हीच करा.

फेब्रुवारीत विल्डबीस्टची वीण असते. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत वितात. वासरू काही मिनिटांत उभं राहतं, त्याला राहावंच लागतं, कारण सिंह, चित्ते, तरस सगळे तिथेच असतात. गवत आखूड, झाडं नाहीत, नजर जाईल तिथवर दिसतं. दोन पावसांच्या मधला काळ, त्यामुळे रस्तेही बरे. मगरी नाहीत, पण बाबांनी स्वतःच सांगितलं की त्यांना मरणं बघायला जायचं नाहीये.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यायची, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडचण होते. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो. बाबा 58 चे आहेत, म्हणजे 'दोन-तीन वर्षांनी बघू' हाही पर्याय गेला.

तक्ता करून बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि फेब्रुवारीवर बोट ठेवलं. मग वर बघून म्हणाले, "तुझं कॉलेज असेल ना तेव्हा?" असणार आहे. पहिली टेस्ट, शिवाय प्रोजेक्टचा रिव्ह्यू त्याच आठवड्यात. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही दोघं जा." ते काही बोलले नाहीत. आईने विचारलं, मग मे महिन्यात खरंच इतका पाऊस असतो का रे? मी पर्जन्यमानाचा आलेख पुन्हा उघडून तिच्यासमोर ठेवला.

दोन तिकिटं काढली आहेत. दुर्बीण बाबांनी आधीच आणलीये, सध्या गच्चीवरून समोरच्या झाडावरच्या घारी बघणं चालू आहे.