मोटारसायकलीच्या इंजिनाचे तेल : एक व्यावहारिक विचार

पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींचा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा नवा असला तरी त्याचा व्यवहार जुनाच आहे : संत्रा आणि कापूस. बागेपासून बाजारापर्यंतची बरीचशी ये-जा हल्ली मोटारसायकलीवर होते. साहजिकच आमच्या व्यापारी बंधूंस गिऱ्हाईक वरचेवर विचारते : साधे तेल घ्यावे की सिंथेटिक? ‘महाग ते चांगले’ हे सोयीचे उत्तर पुरेसे नाही, असे आमचे मत आहे.

मोटारगाडीत इंजिनाचे तेल वेगळे व गिअरचे वेगळे असते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच तेल इंजिन, गिअर व क्लच या तिघांची सेवा करते. क्लचप्लेटी तेलात बुडालेल्या असूनही त्यांनी एकमेकींस घट्ट धरावयाचे असते. मोटारगाडीच्या कित्येक तेलांत पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात; त्यांनी क्लच निसटू लागतो. याकरिता जपानमध्ये १९९८ साली ‘जासो’ मानक ठरविण्यात आले. डब्यावरील ‘एम.ए.’ अथवा ‘एम.ए.२’ ही खूण मोटारसायकलीसाठी, ‘एम.बी.’ ही गिअर नसलेल्या स्कूटरसाठी.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एकदा मोटारसायकलीचे तेल संपले असता आमच्याच दुकानातून एका बागाईतदारास मोटारगाडीचे तेल दिले गेले. तेही सिंथेटिक, भारी किमतीचे. पुढल्याच आठवड्यात संत्र्यांची दोन क्रेट मागे बांधून जात असता सिल्लेवानीच्या घाटात त्याचे इंजिन नुसते घुमू लागले, गाडी पुढे सरकेना. तेल बदलून दिले, नव्या क्लचप्लेटींचा खर्चही आम्हीच सोसला. तेल हलके नव्हते. जागा चुकीची होती.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ‘१०डब्ल्यू-३०’ यातील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा, दुसरा शंभर अंश सेल्सिअसवरील दाटपणाचा. १०डब्ल्यू तेलाची थंडीची परीक्षा उणे पंचवीस अंशांवर होते. आपल्याकडील पौषातील पहाट त्यापुढे उबदारच म्हणावयाची! तेव्हा थंडीसाठी सिंथेटिक घेण्याचे येथे प्रयोजन नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच आकडा द्यावा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० व बुलेटला १५डब्ल्यू-५० सांगितलेले असता एकाचे तेल दुसरीस देऊ नये.

सिंथेटिकचा खरा गुण उष्णतेत दिसतो. त्याचे रेणू अधिक एकसारखे असल्याने ते कमी उडते व सावकाश बिघडते. तथापि ‘सिंथेटिक’ हा शब्दही पारखून घ्यावा. पूर्वी तो रसायनशाळेत घडविलेल्या तेलासच लावीत. १९९९ साली अमेरिकेतील जाहिरातींविषयीच्या एका वादात असा निर्णय झाला की, खनिज तेलावरच तीव्र प्रक्रिया करून काढलेल्या तेलासही तो लावता येईल. त्यामुळे एकाच नावाखाली आज दोन्ही प्रकार विकले जातात.

मग कोणास काय द्यावे? शंभर-सव्वाशे सी.सी.ची गाडी, रोजची बाग-बाजार अशी फेरी, आणि तेल वेळेवर बदलणारा मालक असेल, तर योग्य खुणेचे साधे खनिज तेल पुरे. वैशाखात लांब पल्ला मारणारा, मोठ्या इंजिनाचा, किंवा ज्याच्या पुस्तिकेतच सिंथेटिक सांगितले आहे अशास ते अवश्य द्यावे. जुने इंजिन तेल पिऊन निळा धूर सोडीत असेल तर भारी तेल म्हणजे धुरात पैसा. आधी मिस्त्रीकडे पाठवावे. लहान इंजिनात तेल जेमतेम एक लिटर मावते. त्यातून पाव लिटर जळाले तर उरलेल्यावर केवढा भार पडतो, हे गिऱ्हाइकास सांगावे व पंधरवड्याने पातळी पाहावयास लावावे. आमच्या अनुभवात अधिक इंजिने साध्या तेलाने नव्हे, कमी तेलाने गेली.

काढलेले काळे तेल नालीत ओतू नये. पिंपात साठवून अधिकृत संकलकास द्यावे. आणि रिकामा डबा भोक पाडल्यावाचून भंगारात जाऊ देऊ नये; अखंड डबा बनावट तेल भरून पुन्हा बाजारात येतो.