दुकानाचा फोन बदलायचाय? मग या क्रमाने बदला

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या कुठल्याही गद्दीवर बसा, अर्धा धंदा एका फोनमध्ये असतो. रावेर-सावद्याच्या पार्टीची ऑर्डर, ट्रान्सपोर्टवाल्याने पाठवलेला बिल्टीचा फोटो, बँकेचा ओटीपी, ई-वे बिलाचं लॉगिन, सगळं त्यातच. म्हणून नवा फोन आला की पहिल्यांदा सिम काढून त्यात घालायची घाई होते. नेमकं तेच आधी करायचं नाही. सिम मध्यावर कुठेतरी येतं आणि जुना फोन पुसणं अगदी शेवटी. एवढा क्रम सांभाळलात तर एकही चॅट हरवणार नाही. चला, दोन्ही फोन टेबलावर ठेवा. आपण अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जातोय असं धरून चालू.

1. दिवस ठरवा. बाजार बंद असेल तो दिवस उत्तम. ज्या दिवशी कुणाला मोठं पेमेंट करायचंय तो दिवस घेऊ नका. का, ते पुढे कळेल.

2. जुनं सिम नव्या फोनच्या खाचेत बसेल ना, ते पाहून घ्या. सिम कार्डच बदलून घ्यावं लागणार असेल तर ते काम निदान दोन दिवस आधी उरका. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. फसवणूक रोखायला सरकारनेच तसा नियम केलाय. आणि एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही.

3. दोन्ही फोन पूर्ण चार्ज करा. मधेच लाईट गेली की वायफायही जातं, तेव्हा घरातल्या तिसऱ्या कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट हाताशी असू द्या.

4. एक वही घ्या. हो, कागदाची वही. पासवर्ड सांभाळणारी ॲप चांगली असतात, मी स्वतः वापरतो. पण दुकानात तीन माणसं फोन हाताळत असतील तर कपाटात कुलपात ठेवलेल्या वहीइतकं भरवशाचं काही नाही. फक्त ती गल्ल्यावर उघडी टाकू नका.

5. दोन्ही फोनवर *#06# दाबून आलेले आयएमईआय नंबर वहीत लिहा. फोन चोरीला गेला तर संचार साथीवर तो बंद करायला हाच नंबर मागतात, आणि तेव्हा खोका सापडत नाही.

6. जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये गुगल खातं कुणाचं आहे ते बघा. इथे जरा थांबू, कारण निम्मी भानगड इथेच असते. ज्या पोराने तीन वर्षांपूर्वी फोन सुरू करून दिला, त्याने घाईत स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो. पोरगा आता पुण्याला, आणि तुमच्या सगळ्या पार्ट्यांचे नंबर त्याच्या खात्यात! तसं निघालं तर दुकानाच्या नावाचं नवं खातं आत्ताच उघडून या फोनमध्ये जोडा. जुनं खातं मात्र अजून काढू नका.

7. दुकानाच्या खात्यात रिकव्हरीसाठी घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर टाका. दुकानाचाच नंबर टाकलात तर फोन हरवला की कुलूप आणि किल्ली दोन्ही एकदम गेले.

8. त्याच खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

9. तिथेच ‘बॅकअप कोड’ दिसतील, ते उघडून वहीत उतरवा. आठ-आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. वापरला की त्यावर रेघ मारा. यांचा फोटो काढून फोनमध्येच ठेवायचा नाही, बरं का.

10. सगळे नंबर दुकानाच्या गुगल खात्यात आणा. कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये सिमवरचे नंबर इम्पोर्ट करायची सोय असते, आणि फोनमध्ये सेव्ह झालेले नंबर खात्यात हलवायचीही. सिमवर लांब नाव मावत नाही, त्यामुळे ‘महाजन केळी सावदा’ आणि ‘महाजन केळी रावेर’ दोघेही ‘महाजन केळी’ होऊन बसलेले असतात. इम्पोर्ट झाल्यावर अशी नावं ताबडतोब नीट करा. उद्या करू म्हटलं की भलत्याच महाजनला भाव पाठवला जातो.

11. संगणकावर त्याच खात्याने गुगल कॉन्टॅक्ट्स उघडा आणि नंबर खरंच आलेत का ते बघा. नेहमीच्या चार पार्ट्या शोधून पाहा. दिसल्या नाहीत तर पुढे जाऊ नका, पायरी दहावर परत या.

12. फोटो केबल लावून संगणकावर उतरवा. कॅमेऱ्याचे तर घ्याच, पण व्हॉट्सॲपवरून गॅलरीत आलेल्या बिल्ट्या आणि चेकचे फोटोही घ्या. नातेवाइकांचे सुप्रभात इथेच राहू देत.

13. गुगल खात्यात जागा किती उरली ते तपासा. फुकटात 15 जीबी मिळते, आणि त्यात मेल, फोटो, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळ्यांनी मावायचं असतं. खातं भरलेलं असेल तर बॅकअप अर्ध्यावर अडकतो. व्हॉट्सॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन मोठे व्हिडिओ आधी उडवा.

14. जुन्या फोनवर व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. धंद्याला माझं मत ‘व्हॉट्सॲप बिझनेस’लाच आहे. भावपत्रक आणि दुकानाची वेळ त्यात नीट टाकता येते. साधं असो की बिझनेस, पायऱ्या त्याच. पिन विचारताना ॲप ईमेलही विचारतं, तो ‘स्किप’ करू नका. ईमेल नसेल आणि पिन विसरलात तर सात दिवस ताटकळत बसावं लागतं.

15. पिन वहीत लिहा. लगेच.

16. आता नवा फोन सुरू करा, सिम न घालता, वायफायवर. ‘जुन्या फोनवरून सगळं कॉपी करू का?’ असं विचारलं तर मी ‘नको’ म्हणतो. जुन्या फोनमधला तीन वर्षांचा कचरा नव्यात कशाला? नंबर खात्यातून येतील, चॅट बॅकअपमधून येतील, फोटो संगणकावर आहेत. बाकी काय लागतं दुकानाला?

17. दुकानाच्या गुगल खात्याने साइन-इन करा. जुन्या फोनवर ‘तुम्हीच आहात का?’ असं विचारणारी खिडकी उघडेल, तिथे ‘हो’ दाबा. म्हणून तर जुना फोन अजून जिवंत ठेवलाय.

18. स्क्रीनला सहा आकडी पिन लावा. पॅटर्न नको. केळीच्या मोजणीवरून आलेल्या चिकट बोटाची रेघ काचेवर तशीच उमटते आणि समोरचा बसल्या जागी वाचतो.

19. सिस्टिम अपडेट आधी पूर्ण होऊ द्या. फोन आपोआप बंद होऊन चालू होईल. चहा मागवा, फोनला हात लावू नका.

20. लागतील तेवढीच ॲप प्ले स्टोअरमधून घ्या: व्हॉट्सॲप (साधं की बिझनेस, जुन्या फोनवर असेल तेच), बँकेचं, यूपीआयचं एक, ऑथेंटिकेटर वापरत असाल तर ते, आणि जीबोर्ड. यूपीआयची तीन-तीन ॲप ठेवणाऱ्यांना माझा सल्ला एकच: एक ठेवा, नाहीतर महिन्याअखेरी हिशेब जुळवताना मुनीमजी रडतात. आणि कुणी व्हॉट्सॲपवर ‘चलान’, ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘किसान योजना’ नावाची एपीके फाइल पाठवली तर तिच्यावर बोटही टेकवू नका. फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा तो रस्ता आहे.

21. ऑथेंटिकेटर असेल तर जुन्या फोनवर ‘एक्स्पोर्ट’ करून आलेला क्यूआर नव्या फोनने स्कॅन करा. दोन्ही फोनवर तेच सहा आकडे फिरताना दिसले पाहिजेत. जुन्यावरचं अजून पुसायचं नाही.

22. आता जुन्या फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. खातं दुकानाचंच निवडलंय ना, ते बघा, आणि बटण दाबा. बॅकअप इतका उशिरा का? सकाळी घेतला असता तर सकाळपासून आलेल्या ऑर्डरी त्यात आल्या नसत्या. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू असेल तर त्याचा पासवर्ड वहीत आहे का ते आधी तपासा. तो हरवला तर कंपनीसुद्धा चॅट उघडून देऊ शकत नाही. दोन फोन समोरासमोर धरून क्यूआरने चॅट पाठवायची सोयही व्हॉट्सॲपमध्ये आहे आणि ती चालते. तरी मी बॅकअपच घेतो. उद्या नवा फोन तापीच्या घाटावर पाण्यात पडला तर क्यूआर काय कामाचा?

23. ‘शेवटचा बॅकअप’ या ओळीत आजची तारीख आणि आत्ताची वेळ दिसेपर्यंत थांबा. टक्के 99 वर अडकलेत म्हणजे झालं असं समजू नका.

24. जुना फोन बंद करा.

25. सिम काढून नव्या फोनमध्ये घाला. दोन सिम असतील तर बँकेला जोडलेलं कुठलं ते ओळखून, मागच्या वेळी ज्या खाचेत होतं त्याच खाचेत. रेंज आली की कुणाला तरी एक साधा एसएमएस पाठवून पाहा. तो गेला पाहिजे.

26. नव्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून नंबर टाका. कोड एसएमएसनेच मागवा. ‘कॉल करा’ निवडलंत आणि शेजारच्या खोलीत लूम चालू असले तर त्या खटखटाटात एक आकडा ऐकू येणार नाही. आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तर नाहीच.

27. ‘रिस्टोअर’ दाबा. सगळ्या कृतीत बोट आवरायची जागा हीच. ‘स्किप’वर पडलं तर नवा फोन रिकामाच सुरू होतो. तसं झालं तर त्यावर नव्या गप्पा सुरू करू नका. ॲप काढा, पुन्हा घाला आणि पायरी 26 पासून परत या.

28. एका जुन्या पार्टीचं चॅट उघडा आणि त्यात ‘बिल्टी’ शोधा. मागच्या वर्षीच्या बिल्ट्या निघाल्या म्हणजे गाडी घरी पोचली. महाराष्ट्रातल्या पार्टीने पाठवलेला 27 ने सुरू होणारा जीएसटी नंबर सापडला तर तोही लगेच कॉन्टॅक्टच्या नोंदीत टाकून ठेवा. आपला मध्य प्रदेशचा 23 वाला तर तोंडपाठ असतोच.

29. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप नव्याने जोडा. जास्तीत जास्त चार उपकरणं जोडता येतात. यादीत ओळखीचं नसलेलं एखादं दिसलं तर तिथल्या तिथे लॉगआउट करा.

30. यूपीआय ॲप सुरू करा. ते तुमच्याच सिमवरून एक एसएमएस पाठवतं, म्हणून रिचार्ज संपलेलं असेल तर इथे अडाल. यूपीआय पिन जुनाच चालतो. पण फोन बदलल्यावर पहिले 24 तास 5,000 रुपयांच्या वर पाठवता येत नाही. मोठ्या पेमेंटचा दिवस का टाळायचा होता, ते आता कळलं! काउंटरवरच्या क्यूआरला आणि साउंडबॉक्सला हात लावू नका. पैसे येतच राहतात.

31. संगणकावर ई-वे बिलात एकदा लॉगिन करून बघा. 1 एप्रिल 2025 पासून तिथे सगळ्यांनाच पासवर्डनंतर ओटीपी लागतो. गाडी भरून दारात उभी असताना ओटीपी आला नाही तर ड्रायव्हर काय बोलेल ते लिहायची सोय नाही. आजच पाहा.

32. जीबोर्डमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा घाला. माइकचं बटण दाबून मराठीत बोललात तर बऱ्यापैकी उतरतं. थानांचे आकडे आणि भाव मात्र बोलून टाकायचे नाहीत, हाताने टाका. ‘साडेतीनशे’चं तो काय करेल याचा नेम नाही.

33. जुना फोन आठवडाभर कपाटात ठेवा, न पुसता. या दिवसांत काहीतरी राहिल्याचं आठवतंच.

34. आठवड्यानंतर जुन्या फोनमधून बँकेचं आणि यूपीआयचं ॲप काढा.

35. मग त्यातली सगळी गुगल खाती सेटिंग्जमधून काढा, पोराचं होतं तेही. हे न करता फोन थेट रिसेट केलात तर तो पुढच्या माणसाला जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो, आणि तो माणूस तुमच्या दारात.

36. मेमरी कार्ड काढून घ्या. कव्हरखाली असतं किंवा सिमच्याच ट्रेमध्ये. बहुतेक जण विसरतात आणि बिलांचे फोटो फोनबरोबर विकतात.

37. आता फॅक्टरी रिसेट करा आणि फोन ज्याला द्यायचा त्याला द्या. चार्जरही द्या, नाहीतर तो उद्या मागायला येईलच.