नाद छोट्या पिकअपचा

जालन्यात गाडीचा नाद असलेली माणसं दोन प्रकारची. एकांना काळ्या काचांची उंच गाडी लागते. दुसरे मोंढ्याच्या गेटात उभ्या असलेल्या पिकअपखाली वाकून पाटे मोजतात. मी दुसऱ्यांतला. आमची बाग बदनापूर तालुक्यात, मोसंबीची. घरात आधी छोटा हत्ती आला, मग सुपर कॅरी. भावकीतली बोलेरो पिकअपही हंगामात आमच्याच दारात असते. तिन्ही चालवून, धुऊन, मिस्त्रीच्या शेजारी उकिडवं बसून जे कळलं, ते नव्या घेणाऱ्यासाठी सांगतो.

१. आधी गाडीचं घराणं विचारा

शोरूममध्ये लोक हप्ता किती, एवढंच विचारतात. मी विचारतो, हिचं इंजिन कुठल्या कारमधलं? टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला. पुण्यात जन्मलेल्या इंडिकाचं इंजिन चार सिलिंडरचं, १४०५ सीसीचं. त्याचं अर्धं केलं, दोन सिलिंडर ठेवले, ७०२ सीसीचं डिझेल इंजिन झालं, ताकद १६ हॉर्सपॉवर. पहिल्या हत्तीची ती टकटक आणि उभ्या गाडीतली थरथर त्या दोन सिलिंडरची. आताच्या सुपर कॅरीत मारुतीच्या कारमध्ये येतं त्याच के-सिरीज घराण्यातलं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन असतं.

कधी नातं उलटंही असतं. टाटांनी १९८८ साली टाटामोबाइल हे पिकअप काढलं आणि त्याच्याच सांगाड्यावर पुढे १९९१ ला सिएरा, १९९४ ला सुमो उभी राहिली. ज्या सुमोतून निम्म्या मराठवाड्याच्या वराती गेल्या, तिचं मूळ हौद्याच्या गाडीत आहे.

हे नुसतं मिरवायचं ज्ञान नाही. नातं कळलं की सामान कुठे मिळेल, कुठल्या मिस्त्रीचा हात बसलेला आहे, हे आपोआप कळतं. ऐन हंगामात गाडी बंद पडली आणि सुटा भाग संभाजीनगरहून यायचा असला, की तोडलेला माल बांधावर मऊ पडतो.

२. हौदा भरणं वेगळं, वजन भरणं वेगळं

वेचलेला कापूस हौद्याच्या वर डोक्याइतका गेला तरी गाडीला कळत नाही. मोसंबी फाळक्याच्या निम्म्यावर आली की पाटे सरळ होतात. जालन्याच्या रोलिंग मिलमधली सळई तर तळालाच पडलेली दिसते, आणि तेवढ्यात गाडीचं पोट भरलेलं असतं. डोळ्यांवर जाऊ नका, काट्यावर जा.

पाण्यानं हा धडा सगळ्या तालुक्याला शिकवला. २०१२-१३ च्या दुष्काळात उभ्या बागा वाळत होत्या आणि मिळेल त्या गाडीवर टाकी ठेवून लोक झाडांना पाणी घालत होते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकीचं वजन वेगळं. पहिल्या छोट्या हत्तीची क्षमता होती ७५० किलो. मग कुणी म्हणायचं, हजाराची टाकी अर्धीच भरू. अर्धी टाकी जास्त वाईट. वळणावर पाणी डचमळतं, एका अंगाला जातं आणि गाडीलाही तिकडे ओढतं. त्यापेक्षा पाचशेची टाकी घ्यावी, गळ्यापर्यंत भरावी, केबिनला टेकवून आवळून बांधावी.

३. पाटे वाढवून ट्रक होत नाही

गाडी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात कुणीतरी सल्ला देतो, मागे एकेक पाटा वाढवून घ्या, दीड टन बिनघोर भरा. पाटा वाढला की गाडी मागून बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच, क्लच तोच, बेअरिंग तेच, टायर तेच. बसलेली गाडी निदान ओझं जास्त झाल्याचं सांगते. पाटा वाढवून आपण तिचं तोंड बंद करतो. मग ती बोलते ती थेट उतारावर. जास्त वजन रोजचंच असेल तर सरळ मोठी पिकअप घ्या. ज्या इंजिनाची ओढ कारएवढी, त्याच्याकडून आयशरचं काम मागू नये.

४. रिकाम्या गाडीला जास्त जपा

भरल्या गाडीला सगळेच जपतात. बाजार करून परतताना मात्र पाय जड होतो. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं. ओल्या डांबरावर जोरात ब्रेक मारला की शेपूट बाजूला जातं. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात तर मागची चाकं जागेवरच फिरतात. वाटेत चिखल असेल तर मागच्या चाकांच्या वर दोन भरल्या गोण्या ठेवाव्यात, पकड बसते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, तेव्हापासून टायरची हवा हा आमच्याकडे रोजचा विषय झाला आहे. गावच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर निभावून जातो. काँक्रीटवर तासभर एकसारखा पळाला की तो तापतो, आणि त्यात ओझं असेल तर फुटतो. हवा सकाळी, टायर गार असताना बघावी. वाटेत तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवते, म्हणून ती सोडायची नाही.

५. माल ओळखून रचा

मोसंबीची साल जाड असली तरी धक्क्यानं आतून मार बसतो आणि डाग तिसऱ्या दिवशी दिसतो. सुटा माल भरायचा असेल तर तळाला आणि कडेनं कडबा किंवा तणस घाला. कडवंचीकडची द्राक्षं कॅरेटमधून जातात. तिथे कॅरेट एकमेकांत घट्ट बसवायचे, मध्ये बोटभरही फट नको. फट राहिली की सगळा थर खेळतो.

रेशीम कोषाची तऱ्हा निराळी. २०१८ पासून जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी होते; त्याआधी आमच्याकडचे शेतकरी कर्नाटकात रामनगरपर्यंत जायचे. कोष वजनाला काहीच नाहीत, पण दाबले की चेपतात आणि कोंडले की तापतात. पोती एकावर एक रचायची नाहीत, ताडपत्री गच्च आवळायची नाही, निघायचं पहाटे.

ताडपत्री नेहमी केबिनकडून बांधायला घ्यावी. पुढची कड हौद्याच्या आत दाबून, मग दोन्ही बाजू, शेवटी फाळका. मागून सुरुवात केली की पुढून वारा शिरतो, ताडपत्री फुगते आणि जालना येईपर्यंत दोरानं कडेची फळं कापलेली असतात.

६. हौद्यात माणसं बसवू नका

हे लिहिताना मला आमच्याच गल्लीतले चेहरे दिसतात. कापूस वेचायच्या बाया, राजूरच्या गणपतीला अंगारकीला निघालेली पोरं, वऱ्हाड. पण मालवाहू गाडीत कायद्याचं विमाकवच मालाच्या मालकाला किंवा त्यानं पाठवलेल्या माणसाला असतं. हौसेनं वर चढलेल्याला नसतं. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येते, आणि गेलेलं माणूस तर कशानंच येत नाही.

अडचण खरी आहे. केबिनमध्ये दोघं मावतात, घरात माणसं सहा. इंजिन सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात बसणाऱ्यालाही चटका. हीच अडचण ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोला पडली होती म्हणतात. तिनं फोर्ड कंपनीला लिहिलं, रविवारी चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेईल अशी एकच गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट या तरुण अभियंत्यानं कारच्याच अंगाला हौदा जोडला आणि १९३४ ला ती गाडी बाजारात आली. तिकडे अशा गाड्यांना ‘यूट’ म्हणतात. आपल्याकडे त्या बाईच्या मागणीजवळ जाते ती बोलेरो कॅम्पर: पुढे सीटच्या दोन रांगा, मागे आखूड हौदा. घरची माणसं रोज न्यायची असतील तर कॅम्पर बघा. नसतील तर छोटी गाडी मालासाठी ठेवा आणि राजूरला एसटीनं जा.

७. गाडी दारात असली की भाव विचारता येतो

गाडी नव्हती तेव्हा आम्ही बाग उक्ती द्यायचो. व्यापारी बांधावर यायचा, झाडं नजरेनं मोजायचा, आकडा सांगायचा. तोड कधी करायची, गाडी कधी लावायची, सगळं त्याच्या हातात. आपल्या मालाला बाजारात काय मिळालं, हे आपल्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

आता सकाळी जालन्याच्या आडत्याला फोन, मग पाचोडला. जिकडे चार पैसे जास्त तिकडे गाडी. कधी दोन्हीकडे भाव पडलेला असतो, तेव्हा तोडच थांबवायची; फळ झाडावर काही दिवस दम धरतं. व्यापाऱ्यालाही हे कळतं. बांधावर आला की त्याची नजर आधी गाडीवर जाते आणि पहिलाच आकडा जरा वरून निघतो.

म्हणून हिशेब मांडताना नुसतं वाचलेलं भाडं धरू नका. त्यात हप्ता, विमा, टायर, पासिंगचा खर्च वजा केला तर हाती फार उरत नाही, आणि काही वर्षी तर खिशातून जातं. सौद्यात ‘परवडत नाही, नेतो परत’ असं म्हणता येणं, आणि खरंच परत नेता येणं, हेही जमेच्या बाजूला मांडा. आमच्या घरात तरी गाडीचा हप्ता त्यासाठीच भरला जातो.