पडदा काळा झाला म्हणजे लॅपटॉप संपला असे नाही



आपण राहतो त्या बेटाचे नाव द पर्ल, म्हणजे मोती. समुद्रात भराव घालून तयार केलेले हे बेट सुमारे ४० लाख चौरस मीटरचे आहे. पोर्तो अरेबियातल्या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी कतारच्या समुद्रात पाणबुडे मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारत. पायाला दगड, नाकाला चिमटा, गळ्यात टोपली आणि सोबत एक दोरी. दोरीचे दुसरे टोक नावेतल्या जोडीदाराच्या हाती असे. पाणबुड्या खाली गेला की वरून दिसत नसे, पण दोरीला हिसका बसला की जोडीदार त्याला वर ओढून घेई.

आजचा पाठ लॅपटॉपचा आहे, पण दोरीची ही गोष्ट लक्षात ठेवा. रविवारी शाळेत प्रकल्प द्यायचा आणि शुक्रवारी रात्री पडदा अचानक काळा झाला, तर आपण म्हणतो, "गेलं सगळं!" खरे तर पडदा हा लॅपटॉपचा एक भाग आहे. तुमचा प्रकल्प पडद्यात नसतो. तो आत, साठवणीच्या जागी असतो. म्हणून घाबरण्याआधी दोरी हलते का ते पाहायचे.

पडद्यात असते काय?

बहुतेक लॅपटॉपच्या पडद्यात मागे एक दिवा असतो. त्याच्यापुढे द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. हा थर स्वतः उजेड देत नाही. खिडकीच्या झडपा उघडाव्या-मिटाव्या तसा तो मागचा उजेड कुठे सोडतो, कुठे अडवतो आणि त्यातून चित्र तयार होते. द्रवस्फटिकांचा शोध १८८८ साली फ्रीडरिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला लागला, तोही गाजरातून मिळवलेल्या एका पदार्थाचा अभ्यास करताना! पडद्याला मुख्य भागाशी जोडणारी बारीक तार बिजागरीजवळून जाते. म्हणजे बिघाड चार ठिकाणी असू शकतो: दिवा, काच, तार किंवा चित्र पाठवणारा आतला भाग.

चला, क्रमाने तपासू या

१. ऐका आणि पाहा. पंख्याचा आवाज येतो का? कळफलकावरचा दिवा लागतो का? लागत असेल तर लॅपटॉप जिवंत आहे. दोरी हलली!

२. उजेड वाढवण्याची कळ दाबून पाहा. कधी कधी उजेड चुकून अगदी कमी झालेला असतो.

३. विंडोजचा लॅपटॉप असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. चित्र पाठवणारी यंत्रणा पुन्हा सुरू होते. यात न साठवलेले काम सहसा जात नाही, म्हणून हा उपाय आधी करावा.

४. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसले, तर काच ठीक आहे आणि मागचा दिवा किंवा त्याची वीज बंद आहे. (ओलेड पडद्याला मागे दिवा नसतो, त्याला ही परीक्षा लागू नाही.)

५. एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर बिघाड पडद्याचा किंवा तारेचा. टीव्हीवरही तेच पट्टे दिसले, तर बिघाड आत आहे.

६. झाकण हळूच पुढे-मागे करा. चित्र येते-जाते असे झाले तर तारेवर संशय घ्यावा. पुन्हा पुन्हा हलवू नका.

७. टीव्हीवरही काही आले नाही, तर चार्जर काढा, चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा सुरू करा. न साठवलेले काम यात जाऊ शकते, म्हणून हा उपाय शेवटी.

दोन खऱ्या गोष्टी

ॲपलने २०१६ साली आणलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या काही पडद्यांच्या तळाशी उजेडाचे उभे डाग दिसू लागले. काहींचा मागचा दिवा पूर्ण बंद पडला. सुट्या भागांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवले की झाकण उघड-मीट करताना तार झिजत होती. मे २०१९ मध्ये ॲपलने असे पडदे विनामूल्य दुरुस्त करण्याची योजना जाहीर केली. म्हणून पैसे भरण्याआधी अशी योजना आहे का, हे नेहमी विचारावे.

दुसरी गोष्ट १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातल्या सुमारे ८५ लाख संगणकांचे पडदे निळे झाले. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तिथे पडदे ठणठणीत होते! निळ्या पडद्यावर अक्षरे वाचता येत असतील तर दोष पडद्यात नाही. ती अक्षरे लिहून घ्या.

आपल्या हवेची काळजी

ऑगस्ट-सप्टेंबरात दोह्याची हवा दमट असते. वातानुकूलित खोलीतला गार लॅपटॉप एकदम गॅलरीत नेला, तर गार सरबताच्या पेल्यावर जमते तसे पाणी त्यावर जमते. असा लॅपटॉप लगेच सुरू करू नका. बंद ठेवून पूर्ण कोरडा होऊ द्या. बंद मोटारीत लॅपटॉप ठेवू नका. झाकण मिटण्याआधी कळफलकावर पेन्सिल राहिली नाही ना, ते पाहा.

भाषेचा पाठ: फुटला की फोडला?

मराठीत ही दोन क्रियापदे जोडीने येतात: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, बिघडणे-बिघडवणे. "पडदा फुटला" म्हटले की काय झाले ते कळते, कोणी केले ते कळत नाही. "मी पडदा फोडला" म्हटले की करणारा कळतो. आणि "माझ्या हातून पडदा फुटला" म्हणजे मुद्दाम केले नाही, पण जबाबदारी माझी. हे तिसरे वाक्य फार उपयोगाचे आहे. लॅपटॉप पडला होता की त्यावर चहा सांडला होता, हे खरे सांगितले तर दुरुस्ती नेमकी होते. ओला झालेला लॅपटॉप लपवून ठेवला, तर आत गंज चढतो.

पालकांसाठी

टीव्हीवर चित्र येत असेल तर दुकानात जाण्याआधी मुलांचे काम आणि घरचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत. लॅपटॉप भारतातून आणला असेल तर त्याची हमी कतारमध्ये चालते का ते विचारावे. दुरुस्तीचा खर्च आधी लिहून घ्यावा. बॅटरी फुगून तळ वर आला असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे, लॅपटॉप दाबू अगर उघडू नये. धूर दिसला तर सर्वांनी बाहेर पडून ९९९ ला फोन करावा. आणि "माझ्या हातून" अशी सुरुवात मुलाने केली, तर वाक्य पूर्ण होईपर्यंत रागावू नये. नाहीतर पुढच्या वेळी आपल्याला "फुटला" एवढेच ऐकायला मिळेल.

शब्दार्थ

बिजागरी – झाकण ज्यावर फिरते तो सांधा
पुसट – नीट न दिसणारे
हिसका – अचानक दिलेली ओढ
ठणठणीत – अगदी चांगल्या स्थितीत

स्वाध्याय

१. टॉर्चच्या उजेडात पुसट चित्र दिसले, तर कोणता भाग बिघडला असेल? का?
२. सातवा उपाय शेवटी का करायचा?
३. "माझ्या हातून" हे शब्द वापरून तीन वाक्ये लिहा.
४. आपला प्रकल्प या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी साठवा आणि कुठे साठवला ते वहीत लिहून आणा.