एवढ्यात जीव काढून पळू नकोस

जिल्ह्यात पहिली आलीस म्हणे, १४ वर्षांखालच्या गटात. चौकात फ्लेक्सही लागला. पप्पा सध्या देवळालीभर ताठ मानेनं फिरत असतील, फिरू देत. तू मात्र जरा इकडे सरक, हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

तुझ्याबरोबर पळालेल्या पोरी आठव. वय सगळ्यांचं सारखं, पण अंग? तुझी उंची सरसर वाढून गेली, पाळी सुरू झाली. बाजूच्या लेनमधल्या त्या बारकीची वाढ अजून व्हायचीय. मुलींची उंची साधारण ११-१२व्या वर्षी सगळ्यात झपाट्यानं वाढते, मुलांची १३-१४व्या, आणि त्यातही कुणी दोन वर्षं पुढे, कुणी दोन वर्षं मागे. शालेय स्पर्धांचे १४, १७, १९चे गट मात्र जन्मतारीख बघतात, अंग बघत नाहीत. तेव्हा ह्या पदकात तुझी मेहनत आहेच, पण लवकर मोठी झालीस त्याचाही हात आहे. उद्या १७च्या गटात ती बारकी तुझ्या पुढे गेली, तर लोक म्हणतील पोरीचं लक्ष उडालं. तसं काही नसेल. ती फक्त तुझ्या उंचीला पोचलेली असेल.

पहाटे तू भरतीच्या पोरांबरोबर पळतेस, ते मला अजिबात पटलेलं नाही. त्यांना पोलीस भरतीचे १६०० मीटर आणि गोळाफेक दिसतेय, चार-सहा महिन्यांत मार्क काढायचेत. त्यांची हाडं पक्की झालीत. तुझ्या हाडांच्या टोकाशी अजून कूर्चेची मऊ पट्टी आहे, तिथूनच हाड लांबतं. हाड भराभर वाढतं, स्नायू मागे राहतात, आणि सगळी ओढ गुडघ्याखालच्या उंचवट्यावर येते. तिथं दाबलं की दुखतं ना? बाम चोळून पळू नकोस. पळणं कमी कर, उड्या बंद ठेव, तरी थांबलं नाही तर हाडाच्या डॉक्टरला दाखव. आणि उसाचा सीझन चालू असताना अंधारात ट्रॉल्यांच्या रस्त्यावर तर पाऊलही टाकायचं नाही, सोबत कितीही जण असोत. शाळेच्या मैदानावर मऊ मातीत पळ.

तुला वाटतं, आत्ता थांबले तर मागे पडेन. बीडच्या आष्टी तालुक्यातला, म्हणजे आपल्या नगरला लागूनच असलेल्या भागातला अविनाश साबळे बघ. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायपीट, तेवढंच. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेचं पळणं सुरू केलं २०१५ साली, विशीत. स्टीपलचेसकडे तर २०१७ मध्ये वळला. २०१८ मध्ये त्यानं गोपाल सैनींचा १९८१पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२च्या राष्ट्रकुलात रौप्य आणलं, पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. चौदाव्या वर्षी त्याला कोण ओळखत होतं? आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खानही सतरा वर्षांचा झाल्यावर मुंबईला गेला, आणि २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेतले तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. सगळेच असे उशिरा फुलतात असं मी म्हणत नाही. नेमबाज स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेव्हा तुझ्याएवढाच होता. पण त्याचं ऑलिंपिक पदक आलं २०२४ला. मधली पंधरा वर्षं कुणी फ्लेक्सवर छापत नाही.

आडसाली ऊस दहाव्या महिन्यात कुणी तोडत नाही, हे पप्पांना मी वेगळं सांगायला नको.

आणि खो-खो का सोडलास गं? साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर शाळेत खो-खोच खेळायची. ती २०१६ला रिओमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली. बसणं, झटकन उठणं, वळणं, हुलकावणी, हे नुसत्या गोल ट्रॅकवर येत नाही. सरावाचे आठवड्याचे तास तुझ्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ देऊ नकोस. एक दिवस पूर्ण सुट्टी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पळणं बाजूला ठेव आणि कॅनॉलवर नाही, शिकवणारं कुणी असेल तिथं पोहायला जा. बैठका, जोर जरूर काढ. वजन उचललं की उंची खुंटते, ही अफवा आहे. शिकवणारा चांगला हवा, इतकंच.

आता खरं बोलायचं ते. "वजन उतरव, पाय हलके होतील" असं तुला कुणी तरी सांगितलंय, मला कळलं. दुपारचा डबा तू मैत्रिणीला देतेस तेही कळलं. सराव वाढला आणि पोटात कमी गेलं, की शरीर पाळी थांबवू शकतं. पोरी म्हणतात, बरं झालं, कटकट गेली. अगं, त्याच वेळी हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि मग पडायची गरजच नाही, नुसतं पळून पळून हाडाला तडा जातो. डबा स्वतः खायचा. भाकरी, मटकीची उसळ, अंडी, दही, शेंगदाणे आणि गूळ, सगळं घरात आहे. दम लवकर लागत असेल तर रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन कमी असलं की कितीही सराव करून वेळ सुधारत नाही. आणि दहावीची भीती घालून झोप कापू नकोस, आठ तास तरी हवीच.

पाळीची तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा. तीन महिने आली नाही, किंवा पायाचं एकच ठिकाण सारखं दुखायला लागलं, तर सरांना सांगायला लाजशील, माहितेय मला. मग मला फोन कर. सरांशी मी बोलते, आणि डॉक्टरकडे आईला घेऊन आपण तिघी जाऊ.