एका चिपवर दोन कारागीर

आलेखाच्या कागदावरचे चौकोन तुम्ही कधी रंगवले असतील, तर त्याला किती वेळ लागतो ते तुम्हांला ठाऊकच आहे. आता संगणकाचा पडदा घ्या. आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके धरले, तर एकंदर २०,७३,६०० ठिपके होतात. चित्र सफाईने हलावे म्हणून पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ साडेबारा कोटी ठिपके!

हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला सांगितले तर? तो करील, पण त्याचा पिंड वेगळा. भूमितीतील सिद्धतेसारखी, एका पायरीवरून दुसरीवर जाणारी, 'असे असेल तर हे, नाहीतर ते' अशा वळणांची कामे तो झपाट्याने उरकतो. ठिपक्यांचे तसे नाही. एका ठिपक्याचा रंग ठरवताना बहुधा शेजारच्या ठिपक्याच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. तेथे एका गणितज्ञापेक्षा साधा हिशेब येणारी शेकडो मुले एकदम कामाला लावणे बरे. ग्राफिक्स चिप ही अशा मुलांची पलटण होय.

कॅलिफोर्नियातील ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस (एएमडी) ही कंपनी प्रोसेसर बनवी. कॅनडातील एटीआय ग्राफिक्स चिपांचे आराखडे तयार करी. जुलै २००६ मध्ये एएमडीने सुमारे ५४० कोटी डॉलरांना एटीआय विकत घेण्याचे जाहीर केले. दोन्ही कारागीर एकाच चिपवर बसवायचे, हा त्यामागचा बेत होता. ऑक्टोबरमध्ये व्यवहार पुरा झाला. चिप एक व्हायला मात्र चार वर्षांहून अधिक काळ लागला!

का बरे? एएमडीचे प्रोसेसर जर्मनीत ड्रेस्डेन येथे स्वतःच्या कारखान्यात, विद्युत्‌रोधक थरावरील सिलिकॉनवर घडत. एटीआयचा कारखानाच नव्हता; तिच्या चिपा तैवानात साध्या सिलिकॉनवर बनवून घेतल्या जात. एकीचा आराखडा दुसरीच्या पद्धतीत बसवणे म्हणजे पोळीची कृती हाती धरून भाकरी थापणे!

दरम्यान कर्ज डोईजड झाले. २००९ मध्ये मोबाइल फोनच्या ग्राफिक्सचा विभाग अवघ्या साडेसहा कोटी डॉलरांना क्वालकॉमला विकावा लागला, आणि कारखानेही वेगळे काढावे लागले. फोनचा विभाग विकणे ही मोठीच चूक, असे मला वाटते. त्याचाच वारसा पुढे 'ॲड्रिनो' या नावाने कोट्यवधी फोनांत गेला.

जानेवारी २०११ मध्ये एएमडीच्या पहिल्या संयुक्त चिपा बाजारात आल्या. त्याच महिन्यात इंटेलनेही दोन्ही कामे एका चिपवर आणली, तीही अशी खरेदी न करता!

पण चिप एक झाली, तरी घरात चुली दोनच होत्या. स्मृतीचे भाग वेगळे असल्याने एकाने तयार केलेली माहिती दुसऱ्यासाठी बहुधा नकलून द्यावी लागे. ठिपक्याला ४ बाइट धरले, तर आपल्या एका चित्राची नक्कल म्हणजे सुमारे ८३ लाख बाइटांची हमाली. जानेवारी २०१४ च्या 'कावेरी' चिपमध्ये दोघांना एकच स्मृती सारख्याच पत्त्यांनी वापरता येऊ लागली, आणि ही हमाली टळली.

आता ३,८४० × २,१६० ठिपक्यांचा पडदा घ्या आणि सेकंदाला ६० चित्रे नकलायची तर किती बाइट होतील, ते वहीत काढून पाहा.